उखळावरचा शेंदूर

मे १९८६. फ्रीमाँटच्या सार्वजनिक उद्यानात, ओढ्याकाठच्या सपाट खडकावर शेंदूर फासण्यात आला. जबाबदार : आमच्या मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष आणि त्यांना टाळ्या वाजवून साथ देणारी कार्यकारिणी.

फेब्रुवारी १९८७. त्याच खडकाबाबतच्या जाहीर सुनावणीत, हिंदू समाज तेथे नेमाने पूजा करीत आला आहे, असे असत्य निवेदन करण्यात आले. जबाबदार : तेच अध्यक्ष. ते निवेदन न तपासता स्वीकारल्याबद्दल उद्यान विभागाची समिती.

मार्च १९८७. खडकाभोवती तारेचे कुंपण उभे राहिले आणि त्याला कुलूप लागले. जबाबदार : वरील सर्व.

त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात या विषयावर मौन पाळण्यात आले. जबाबदार : मंडळाची आजची कार्यकारिणी. हा मजकूर मी तिच्याच गणेशोत्सव अंकासाठी पाठवीत आहे.

या लेखात कोणाचेही नाव नाही. मला अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती वाटते असे कोणी समजू नये. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी उभी हयात वकिली केली आहे आणि असे दावे मी दोन्ही बाजूंनी लढलो आहे. नावे न घेण्याचे कारण निराळे आहे. ते यथावकाश येईल.

वकिली थांबवून मी आणि माझी पत्नी मुलीकडे फ्रीमाँटला आलो. मुलगी आणि जावई सकाळी गाडीने फ्रीवेवर निघून जात आणि अंधार पडताना परतत. टाउनहाऊसच्या जेवणाच्या टेबलावर मी टंकलेखन यंत्र मांडले आणि पत्रे लिहू लागलो. वाहतूक खात्याला लिहिले, वाचनालयाला लिहिले, स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाला तर इतके लिहिले, की टपाल घेऊन येणारी बाई मला "जज" म्हणू लागली. मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

त्या मे महिन्यात मंडळाची सहल उद्यानात होती. शेगड्यांवर मक्याची कणसे भाजली जात होती, बायकांनी भेळ कालवली होती, मुले इंग्रजीत भांडत होती. जेवणानंतर काही मंडळी ओढ्याच्या कडेने फिरायला गेली आणि ओकच्या झाडांखाली त्यांना तो खडक दिसला. लांबरुंद, राखी रंगाचा, जमिनीतूनच वर आलेला. त्याच्या पाठीवर वाटीसारखे गोल, गुळगुळीत खळगे होते आणि काही खळग्यांत पावसाचे पाणी साठून त्यावर पाने तरंगत होती.

अध्यक्ष पेशाने डॉक्टर. त्यांनी चपला काढल्या. "अहो, हे स्वयंभू स्थान आहे! बघा, अभिषेकाचं पाणीसुद्धा साठलंय."

स्टॅनफर्डच्या बाजूला कुठेतरी शिकणारा एक विद्यार्थी म्हणाला, "डॉक्टरकाका, हे उखळ आहे यार. कुणीतरी कांडत असणार यात."

"तू इंजिनिअर आहेस ना? मग मशीनचं बघ. देवाचं आम्हाला कळतं."

सगळे हसले. एका घरच्या गणपतीसाठी भारतातून आणलेला शेंदूर कोणाच्या तरी गाडीत होता. तो आणला गेला, भेळीसाठी आणलेल्या तेलात स्टीलच्या वाटीत कालवला गेला. मी तेथे होतो. ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्या स्वरूपात बदल करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वकीलसाहेब, कोर्ट उठलंय. आज रविवार आहे." मग त्यांनी बोटे बुडवली आणि खळग्यांच्या कडांपासून तळापर्यंत तो खडक भगवा केला. नारळ फुटला. एका काकूंनी आरती सुरू केली. परदेशी मातीत आपला देव सापडल्याचा जो आनंद त्यांच्या चेहऱ्यांवर होता तो खोटा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. म्हणूनच पुढच्या गोष्टीचा मला अधिक राग आहे.

सप्टेंबरमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत आमचा गणेशोत्सव होता. आरती झाल्यावर दाराशी एक बाई उभी दिसली. सत्तरीच्या आसपासची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची एक वेणी, अंगात साधा निळा स्वेटर. काउंटीच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली ती परिचारिका होती, हे नंतर कळले. ओढ्याकाठचा खडक कोणी रंगवला याचा शोध घेत, उद्यानाच्या रखवालदाराकडून आमचा पत्ता काढून ती आली होती.

डॉक्टर पुढे झाले. हातात मोदकांची ताटली होती. "आम्हीच! तुम्ही रेड इंडियन का? वा! आम्हीसुद्धा इंडियन."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कोलंबस तुमच्याकडे निघाला होता. पत्ता तुमचा होता, त्रास आम्हाला झाला."

डॉक्टर मोठ्याने हसले. तीही हसली, पण हसणे ओसरले तरी ती तेथेच उभी राहिली. डॉक्टरांनी तिला समजावले, की आमच्याकडे शेंदूर लावणे हा मोठा सन्मान असतो. जेथे देवत्व जाणवते तेथेच तो लावतात. तुमचा खडक आम्हालाही पवित्र वाटला, याचा तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली,

"आम्ही यातून खातो."

ते वाक्य आमच्यातल्या कोणाला नेमके किती कळले ते मला ठाऊक नाही. माझ्या पत्नीला सर्वांत आधी कळले. तिने हातातली आरतीची ताटली खाली ठेवली. शेंदरात शिसे असते. तिच्या लहानपणी तिची आई देवघरातल्या शेंदराची वाटी मुलांच्या हाताला लागू देत नसे. तिने त्या बाईचा हात धरला आणि आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली, "मी येते. मी काढते."

पुढचे कित्येक शनिवार त्या दोघी खडकावर होत्या. मी बादल्या वाहिल्या. बाईने प्रथम खडकापाशी बसून हलक्या आवाजात काही म्हटले आणि मगच आम्हाला हात लावू दिला. पत्नीने हरभऱ्याचे पीठ आणले होते. तेलकट थरावर कोरडे पीठ दाबायचे, त्याने तेल ओढून घेतले की कपड्यात टिपून घ्यायचे, मग कढत पाणी. पीठ भगवे होई. ते ओढ्यात जाऊ नये म्हणून ती सगळे चिंध्यांसकट पिशवीत भरून घरी आणी. खडकाच्या बारीक भेगांत तरी रंग राहिलाच. तेव्हा बाईने आपल्या पिकअपमधून एक गोल गोटा काढला आणि भेगा घासायला सुरुवात केली. किती वर्षांपासून तो गोटा तिच्या घरात असेल, असे मी विचारले. ती म्हणाली, "मला तो माझ्या आजीकडून मिळाला. आजीला विचारायचं राहिलं."

हळूहळू तिने सांगितले ते असे. पानगळीच्या दिवसांत ओकची बोंडे पडतात. ती वाळवून, सोलून, त्या खळग्यांत कांडतात. पीठ कडू असते. त्यावरून पुन्हा पुन्हा पाणी सोडून कडूपणा धुवावा लागतो. त्याची पेज करतात. एरवी ती कोणीही कोठेही करील. परंतु वर्षातून एकदा, वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी, ती याच खडकावर कांडली जाते. तिच्या घराण्यात माणूस गेला की त्याचे नाव घेणे थांबते. कोणी घ्यायचे नाही, हाक म्हणून नाही, आठवण म्हणूनही नाही. वर्षाच्या विधीत त्याच्यासाठी अन्न अग्नीला दिले जाते, शेवटी या खळग्यातली पेज सगळे पितात आणि मग घरातले सर्वांत वडील माणूस ते नाव एकदा मोठ्याने उच्चारते. तेथून पुढे ते नाव पुन्हा सर्वांचे होते. एखाद्या बाळालाही ठेवता येते. तोवर मेलेला माणूस वाटेवर असतो. त्याला मागून हाक मारायची नसते.

पत्नी म्हणाली, "मीही एक नाव घेत नाही. यांचं."

बाईने माझ्याकडे पाहिले. "पण हे तर जिवंत आहेत."

"हो."

"मग बोलावता कसं?"

"'अहो' म्हणते."

बाई इतकी हसली, की तिला खडकावर बसावे लागले. त्यानंतर ती मला 'अहो' म्हणू लागली. एवढ्या बादल्या वाहून मला मिळालेली ही एकमेव पदवी.

त्या शरदात विधी झाला नाही. उद्यानाच्या लोकांकडून पाणी तपासून घेईपर्यंत खळग्यांत काही कांडायचे नाही, असे तिने स्वतःच ठरवले, परिचारिका होती. आणि नंतर, जानेवारीत, तिचा धाकटा भाऊ गेला. शाळेची बस चालवीत असे. तो पत्नीला खडकावर दोनदा भेटला होता. हरभऱ्याच्या पिठाला तो "तुमचा साबण" म्हणे. त्याचे नाव मला माहीत आहे. मी ते लिहिणार नाही.

आता कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्या घराभोवती अजून कोणी तार ओढलेली नाही.

या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ रहिवाशांचे नाच आणि विधी हे सरकारी नियमाने गुन्हे ठरवले गेले. शिधा रोखणे आणि कोठडी अशा शिक्षा होत्या. ज्या देशाच्या राज्यघटनेतली पहिलीच दुरुस्ती धर्मस्वातंत्र्याची आहे, त्या देशात हे झाले. १९७८ साली संसदेने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा केला. मी तो वाचनालयात बसून अक्षर न् अक्षर वाचला. आपल्या पवित्र स्थळी जाणे, आपल्या वस्तू बाळगणे, आपले विधी करणे, सगळे त्यात आहे. नाही ते एकच : भंग झाल्यास काय करायचे याचे कलम. शिवाय तो केंद्राच्या खात्यांपुरता; नगराच्या उद्यान विभागाला तो बांधत नाही. आणि बाईच्या लोकांना, ज्यांना पाद्र्यांच्या मठात नेऊन राबवले गेले आणि ज्यांच्या जमिनीवर आज आमची टाउनहाऊसे आहेत, जमात म्हणून सरकारी मान्यताच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती उद्यानात आलेली एक वृद्ध बाई. आम्ही मात्र नोंदणीकृत संस्था.

फेब्रुवारीतली सुनावणी बाईच्या विनंतीवरून झाली. भावासाठी शरदात विधी करू द्यावा आणि खडकापाशी छोटा अग्नी पेटवू द्यावा, एवढीच मागणी होती. समितीचे लोक सौम्य होते. कदाचित त्यांनी दिलीही असती परवानगी. तेवढ्यात आमचे डॉक्टर उठले.

त्यांचा हेतू वाईट नव्हता, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. सुनावणीच्या आधी बाहेरच्या गाडीतळावर त्यांनी मला बाजूला घेतले होते. "वकीलसाहेब, बघा तर खरं! दोन्ही समाजांची जागा म्हणून नोंद लागली ना, तर पुढेमागे इथे देऊळ होईल. तुमच्या त्या बाईंचाही फायदाच."

"तुम्ही तेथे पूजा केली ती एका दुपारी," मी म्हणालो.

"देवाला काय दुपार आणि काय हजार वर्षं?"

"देवाला नसेल. समितीला आहे."

ते आत गेले आणि माइकवर म्हणाले, की हिंदू समाज त्या खडकाची नेमाने पूजा करीत आला आहे आणि त्याच्या हक्काचा विचार व्हावा.

मीही बोललो. हिंदू कायद्यात मूर्ती ही स्वतः व्यक्ती असते, तिच्या नावाने मालमत्ता असते, ती दावा लावते, हे मी सांगितले तेव्हा समितीतले एक गृहस्थ पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. परंतु ती व्यक्ती होते प्राणप्रतिष्ठेने. सहलीतल्या शेंदराने होत नाही. म्हणजे आमच्याच शास्त्राने आणि आमच्याच कायद्याने आमचा दावा शून्य आहे. उलट या बाईच्या घराण्याची त्या खडकावर अखंड वहिवाट आहे. पुरावा हवा असेल तर खळग्यांत हात घालून पाहा, दगड असा एका पिढीत झिजत नाही.

समितीच्या अध्यक्षीण बाईंनी मला वेळ संपल्याचे सांगितले.

निर्णय आला : दोन समाजांचे परस्परविरोधी दावे आणि खडकावर आढळलेला विषारी रंग, या कारणांस्तव खडकाला कुंपण घालण्यात येत आहे. दोन्ही समाज आपसांत ठरवून एकत्र अर्ज करीपर्यंत कुलूप उघडणार नाही. बाईने तो कागद वाचला, घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला आणि पत्नीला विचारले, "आपसांत म्हणजे कोणी? तू आणि मी तर भांडलोच नाही."

आता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या, विधीच्या दिवसाविषयी. त्याबद्दल जेवढे लिहिण्याची परवानगी आहे तेवढेच लिहितो. गाणी लिहीत नाही. ती माझी नाहीत.

खडक बंद, अग्नीला मनाई. तेव्हा बाईने उद्यानाचे नियम आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "अहो, तुम्ही कायदेवाले. बघा." मी बघितले. सहलीच्या आवारात लोखंडी शेगड्यांमध्ये विस्तव पेटवायला कोणाचीही परवानगी लागत नव्हती.

त्या दुपारी माणसे येत गेली. मी मनाशी काय अपेक्षा केली होती हे सांगायला संकोच वाटतो, पिसे वगैरे. जुन्या गाड्यांतून, एका डिलिव्हरीच्या व्हॅनमधून, कामाच्या कपड्यांत लोक उतरले. एक जण टेलिफोनच्या तारा ओढणारा होता, एक बँकेतली कारकून होती, एक म्हातारा गृहस्थ ऑक्सिजनची नळी नाकाला लावून, तिची चाकांवरची टाकी ओढत आला. कोणी बोंडांचे पीठ घरून कांडून आणले होते. कोणी भाजलेला मासा, कोणी तिघांच्या आवडीचे तीन प्रकारचे केक. कारण त्या वर्षी गेलेले तिघे होते. आणि ज्या शेगडीवर आम्ही कणसे भाजली होती, त्याच शेगडीत बाईने ओकची लाकडे रचली.

मग ते सगळे उभे राहिले आणि काहीही न बोलता शांत झाले. माझ्या आयुष्यात मी न्यायाधीशांच्या येण्याने शांत झालेली सभागृहे पाहिली आहेत. तेथे भीती असते, किंवा सवय. येथे माणसे ऐकत होती. वाऱ्याने ओकची सुकी पाने घासली जात होती, दूर फ्रीवेचा एकसारखा घोंघाट होता, आणि ती शांतता त्या दोन्हींना सामावून घेत मोठी होत गेली. पाटाऐवजी सिमेंटचा चौथरा, होमकुंडाऐवजी गंजकी शेगडी. तरी मी नकळत चपला काढल्या. पत्नीने आधीच काढल्या होत्या.

दोन काठ्यांच्या ठोक्यावर गाणे सुरू झाले. भाषा मला कळत नव्हती आणि, नंतर कळले, गाणाऱ्यांतल्या बहुतेकांनाही पूर्ण कळत नव्हती. शब्दांपेक्षा गाणी जास्त टिकली होती. एकेक जण पुढे येऊन आपापल्या माणसाचे खाणे विस्तवाला देई. भीक घालावी तसे नाही, फेकूनही नाही. ताटात वाढतात तसे. धूर सरळ वर गेला नाही. तो आधी आमच्यात फिरला, प्रत्येकाच्या डोळ्यांत गेला, प्रत्येकाच्या कपड्यांत शिरला आणि मगच कुंपणाकडे, खडकावरून, ओढ्याच्या दिशेने निघून गेला. ऑक्सिजनवाल्या गृहस्थांना विस्तवापासून लांब बसवले होते. त्यांनी तेथूनच हात उंच केला. काय होते त्या हातात? निरोप होता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाला जागा लागते, दिवस लागतो आणि बरोबर उभे राहणारे लोक लागतात, हे मला त्या क्षणापर्यंत कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते.

माझ्या पत्नीचा मोठा भाऊ त्या उन्हाळ्यात नागपुरात वारला होता. तार आली तेव्हा अंत्यविधी उरकला होता. तिने दिवसभर स्वयंपाक केला आणि रात्री सगळे जेवलो. फ्रीमाँटमध्ये आम्ही केले ते एवढेच. बाईला हे ठाऊक होते. तिने वळून विचारले, "तुझा भाऊ काय खायचा?"

पत्नीने पिशवीतून डबा काढला. तिने सकाळी काय तळले हे मलाही सांगितले नव्हते. कोथिंबिरीचे सारण भरलेल्या सांबारवड्या होत्या. हा पदार्थ नागपूरबाहेर कोणाला धड येत नाही, अशी माझ्या मेहुण्याची ठाम समजूत होती. तिने एकेक करून त्या विस्तवात वाढल्या. तळणीच्या कोथिंबिरीचा वास ओकच्या धुरात मिसळला. बँकेतली कारकून नाक वर करून म्हणाली, "हा चांगला जेवत असणार!" आणि माझी पत्नी, जी तार आल्यापासून रडली नव्हती, हसता हसता रडू लागली. बाईने तिला धरले. दोन म्हाताऱ्या, एकमेकींच्या भाषेत अडाणी, आणि त्यांच्यामध्ये काहीही अर्धवट राहिलेले नव्हते.

आजच्या काळात अशा विधींचा उपयोग काय, असे मला आमच्याच मंडळातल्या सुशिक्षितांनी विचारले आहे. आपण सगळे येथे दूरवरून आलो. आपले मृत्यू आपल्याला टेलिफोनवर कळतात, आणि आपण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो. ज्यांच्याकडे मृताला पोहोचवण्याची रीत शिल्लक आहे त्यांना हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. फार तर शिकण्याची परवानगी मागता येईल.

पण विधी पुरा झाला नाही. पेज होती. ती खळग्यातून प्यायची होती. सगळे कुंपणापर्यंत चालत गेले आणि थांबले. खडक हाताच्या अंतरावर होता, खळग्यांत पाणी होते आणि त्यात आभाळ. टेलिफोनवाला म्हणाला, "मी तार कापू शकतो, मावशी. माझं कामच आहे ते." बाईने नकारार्थी मान हलवली. तिने पेजेचे भांडे झाकले. दुसऱ्या दोघांच्या घरच्यांनी आपली माणसे अशीच सोडायचे ठरवले. त्यांनी पेज कागदी पेल्यांतून घेतली आणि आपली नावे उच्चारली. तो तिचा दोष नव्हता आणि त्यांचाही नाही. ती मात्र उच्चारेना.

"मी त्याला या खडकावर चालायला शिकवलं," ती मला म्हणाली. "त्याला कागदी पेल्यातून नाही पाठवणार."

पुढच्या वसंतात या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, याच राज्याच्या उत्तरेकडील अरण्यातल्या पवित्र स्थळांच्या खटल्यात, सरकार स्वतःच्या जमिनीतून रस्ता नेऊ शकते, मग तेथे कोणाची का श्रद्धा असेना, असा निकाल दिला. मी तो वाचून तीन संपादकांना पत्रे लिहिली. एकाने छापले, त्यातला महत्त्वाचा परिच्छेद कापून. न्यायालयाचा रस्ता असा बंद झाला. १९८८चाही शरद कुंपणाबाहेरच गेला. नंतर मी उद्यान विभागाला लिहिले. खडक आता स्वच्छ असल्याचे त्यांच्याच तपासणीत आढळले आहे, हे त्यांनी मान्य केले. राहिला प्रश्न दोन दाव्यांचा. हिंदू संस्थेने आपला दावा मागे घेतला, तर वाद उरत नाही आणि कुलूप काढण्यास विभागाची हरकत नाही, असे त्यांचे लेखी उत्तर माझ्याकडे आहे आणि मंडळाकडेही आहे. मीच दिले.

म्हणजे किल्ली आमच्याच खिशात आहे.

ते डॉक्टर आता ओहायोतल्या डब्लिनला राहतात. फोनवर म्हणाले, "अहो, एवढं काय मनावर घेता? शेंदूर पुसला ना?" आजच्या अध्यक्षीण बाई तरुण आहेत, मला आदराने "काका" म्हणतात. त्यांचे म्हणणे, "काका, ते जुन्या कमिटीचं आहे. आणि दावा मागे घेतला तर आपल्या धर्माचा अपमान केला असं लोक म्हणतील." मी त्यांना विचारतो : आपल्या घरात मुंजीला उखळ पुजतात, लग्नात हळद कांडण्याआधी मुसळाला आंब्याचे पान बांधतात. त्या उखळावर शेजाऱ्याने रंग ओतून वर स्वतःचे नाव लावले, तर तुम्ही त्याला धर्म म्हणाल काय?

बाईची तब्येत आता बरी नसते. पिकअप भाची चालवते. ओकची बोंडे याही वर्षी पडणार आहेत. भाऊ जाऊन तिसरे वर्ष चालू आहे आणि त्याचे नाव अजून कोणाच्या तोंडी नाही. ते मोठ्याने उच्चारण्याचा अधिकार तिच्या घराण्यात आता तिलाच आहे. ती गेली, तर हा अधिकार कोणाकडे जाईल हे तिला सांगता येत नाही. म्हणून मी या लेखात एकही नाव घेतले नाही. एक नाव अडकलेले असताना इतरांची घेण्याचा मला धीर होत नाही.

सबब, माझी जाहीर मागणी पुढीलप्रमाणे. येत्या गणेशोत्सवात, आरतीनंतर आणि प्रसादाआधी, मंडळाच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर उभे राहून, माइकवर, सर्व सभासदांसमोर उत्तर द्यावे : त्या खडकावरील आपला दावा मंडळ मागे घेत आहे, की नाही? "कमिटीत ठेवू" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. "जुन्या कमिटीचं आहे" हेही नाही. उत्तर इंग्रजीत द्यावे. मागच्या रांगेत, माझ्या पत्नीशेजारी, निळ्या स्वेटरमध्ये ती बाई बसलेली असेल. मी तिला रीतसर निमंत्रण दिले आहे आणि तिने येते म्हणून कळवले आहे.